तारा ओढून झाल्या, आता युनिटचा हिशोब कोण मांडणार?

२० जून २०२२ ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग विजेवर आला म्हणून पंतप्रधानांनी तो बंगळुरूच्या कार्यक्रमातून राष्ट्राला अर्पण केला. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, खर्च १२८७ कोटी, भूमिपूजन २०१५ च्या नोव्हेंबरात कोलाडला झालेलं. डिझेलचे वर्षाला दीडशे कोटींच्या आसपास वाचतील असंही तेव्हा सांगितलं गेलं. चांगलंच काम झालं, त्यात वादच नाही. बोगद्यातून जाताना खिडकीतून आत येणारा डिझेलचा धूर ज्यांनी वर्षानुवर्षं खाल्लाय त्यांना विचारा. करबुड्यासारख्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात धूर बाहेर काढायला मोठमोठे पंखे बसवावे लागले होते.

पण तेव्हापासून आजपर्यंत आपल्या गोव्यात एकही माणूस एक साधा प्रश्न विचारताना मी ऐकला नाही, की बाबा, डिझेल वाचलं ते ठीक, पण वीज किती लागते? पेडण्यापासून लोलयेपर्यंत गोव्यातला मार्ग १०५ किलोमीटरच्या आसपास आहे, त्यावर गाड्या ओढायला वर्षाला किती युनिट जातात, त्यातली किती ब्रेक मारताना परत येतात, किती वायरमध्येच गरम होऊन वाया जातात? विधानसभेत रेल्वेवर चर्चा होते ती डबल ट्रॅकिंगवर, कोळशाच्या वाहतुकीवर आणि गाडी आमच्या स्टेशनवर का थांबत नाही यावर. तिन्ही विषय महत्त्वाचे आहेतच. पण माझं म्हणणं असं आहे की या तिन्हींचं उत्तर शेवटी युनिटच्या हिशोबात सापडतं आणि तोच हिशोब आपल्याकडे कोणी मागत नाही.

मी वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचं काम करतो. कारखान्यात महिन्याचं बिल आलं की मॅनेजर पहिलं विचारतो, मॅक्सिमम डिमांड, म्हणजे एका वेळी ओढलेली सगळ्यात जास्त वीज, किती गेली, पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्यातली किती खरी कामाला आली, तो किती राहिला, कुठली मशीन रिकामी चालू होती. दोन टक्के वाचवायला आम्ही आठवडाभर डोकं खातो. आणि आमच्या कंपाउंडच्या जवळून जी गाडी जाते तिचं एक इंजिन एका वेळी आमच्या अख्ख्या फॅक्टरीपेक्षा जास्त वीज ओढत असतं, डब्ल्यूएपी-७ म्हणजे सहा हजार हॉर्सपॉवरच्या वर, साडेचार मेगावॅटच्या पुढे. तिथे दोन टक्के म्हणजे किती याचा विचार करून बघा.

आधी ही वीज येते कुठून ते बघू, कारण 'ग्रीन रेल्वे' म्हटलं की लोकांना वाटतं आता प्रदूषण संपलं. गोव्यात स्वतःची अशी मोठी वीजनिर्मिती नाहीच. आपल्याला वीज येते ती कोरबा, विंध्याचल, रामागुंडम अशा एनटीपीसीच्या प्लांटमधून, म्हणजे बहुतेक कोळशाचीच. कोळशाच्या प्लांटमध्ये जळलेल्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो, पुढे शेकडो किलोमीटर ट्रान्समिशन, मग सबस्टेशन, मग ओव्हरहेड वायर, मग इंजिन. सगळं धरलं तर चांगल्या डिझेल इंजिनाच्या तुलनेत फार मोठी बाजी मारली असं होत नाही. विजेचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे उद्या ग्रीडमध्ये, म्हणजे देशभरच्या विजेच्या जाळ्यात, सौर आणि पवन वाढलं की गाडी आपोआप स्वच्छ होते, इंजिन बदलावं लागत नाही. आणि दुसरं म्हणजे विजेचं इंजिन खर्च केलेली ऊर्जा परत देऊ शकतं, डिझेल ते करू शकत नाही. पहिल्या फायद्यासाठी आपल्याला वाट बघावी लागेल, दुसरा आजच्या आज हातात आहे आणि त्याच्याकडे लक्ष नाही म्हणून हा लेख.

परत देणं म्हणजे काय तर नव्या थ्री-फेज मोटरच्या इंजिनांत, डब्ल्यूएपी-७, डब्ल्यूएजी-९ वगैरे, ड्रायव्हरने इलेक्ट्रिक ब्रेक लावला की मोटरच जनरेटर होते आणि वीज पँटोग्राफमधून, म्हणजे छतावरच्या वायरला टेकणाऱ्या सांगाड्यातून, परत वायरमध्ये जाते. जुन्या डिझेल इंजिनात डायनॅमिक ब्रेक होता, त्यात पण मोटर जनरेटर व्हायची पण ती वीज छतावरच्या रेझिस्टन्समध्ये जाळून टाकायचे, गरम हवा आभाळात. मुंबईच्या लोकलमध्ये थ्री-फेज रेक आल्यावर तीस टक्क्यांच्या आसपास वीज परत मिळते असे आकडे रेल्वेनेच दिलेत, कारण लोकल दर दोन-चार मिनिटांनी थांबते. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या गाड्या, तेवढी मिळणार नाही. पण जी मिळू शकते ती पूर्ण मिळते का हा प्रश्न आहे, आणि इथे वायरची रचना मध्ये येते.

रेल्वेची वायर २५ हजार व्होल्टची, सिंगल फेज. ग्रीड आहे तीन फेजचं, म्हणजे तीन तारांत तीन वेगळ्या तालाची वीज. म्हणून प्रत्येक ट्रॅक्शन सबस्टेशन, म्हणजे गाड्यांना वीज देणारं केंद्र, ग्रीडच्या दोनच फेजवर जोडतात आणि पुढचं सबस्टेशन दुसऱ्या जोडीवर, म्हणजे ग्रीडवर लोड जरा तरी समतोल पडावा. दोन सबस्टेशनांची हद्द जिथे मिळते तिथे दोन वेगळ्या फेज एकमेकींना चिकटून चालत नाहीत, म्हणून मध्ये थोडी वायर बिनविजेची ठेवतात, न्यूट्रल सेक्शन. रुळाच्या कडेला पाटी असते, ५०० मीटर, मग २५० मीटर, मग डीजे ओपन. डीजे म्हणजे इंजिनाचा मेन ब्रेकर. ड्रायव्हर तो उघडून वीज तोडतो, गाडी आपल्या वेगावर तेवढं अंतर सरकते, पुढच्या पाटीला वीज परत जोडतो. इंजिनावरूनच डब्यांना वीज मिळणाऱ्या गाडीत एसीत बसला असाल तर जाणवतं, ब्लोअरचा घूं आवाज एकदम पडतो, दिवे लुकलुकतात आणि थोड्या वेळाने सगळं पुन्हा सुरू. बहुतेकांना वाटतं लाईट गेली. लाईट गेलेली नसते, आपण एका फेजच्या हद्दीतून दुसऱ्या फेजच्या हद्दीत आलेलो असतो.

ही हद्द विजेच्या बचतीसाठी फार मोठी गोष्ट आहे. एका गाडीने ब्रेक मारून परत दिलेली वीज त्याच हद्दीत दुसरी गाडी ओढत असेल तर तिला मिळते, लगेच, फारसं नुकसान न होता. हद्दीत दुसरी गाडीच नसेल तर ती वीज सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ग्रीडमध्ये जाते. आणि ग्रीडमध्ये गेलेल्या त्या युनिटचे पैसे रेल्वेला मिळतात की नाही ते मीटर आणि त्या त्या राज्याचं टॅरिफ ठरवतं. मुंबईत हद्दीत कायम पाच-दहा गाड्या असतात. आपल्याकडे एकेरी मार्ग, गाड्या लांब लांब, त्यामुळे परत आलेल्या विजेला गिऱ्हाईक नसण्याची शक्यता जास्त. जर्मनीत रेल्वेचं स्वतःचं वेगळं ग्रीड आहे, १६.७ हर्ट्झवर चालणारं, तिथे या हद्दी मध्ये येत नाहीत आणि एका टोकाची वीज दुसऱ्या टोकाला वापरता येते. आपण ते आता करू शकत नाही, पण नवीन सबस्टेशन उभारताना तीन फेजची वीज इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरने घेणं शक्य आहे, त्याने ग्रीडवरचा असमतोल जातो आणि न्यूट्रल सेक्शन कमी करता येतात. महाग आहे हे मान्य. म्हणून आधी जे फुकटात होतं ते बघू.

फुकटातली पहिली गोष्ट क्रॉसिंग. कोकण रेल्वे अजून जवळजवळ सगळी एकेरी आहे, रोहा ते वीर ४६ किलोमीटरचा पट्टा सोडला तर. त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी आपली गाडी कुठल्यातरी स्टेशनात लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहणं हे नशिबातच असतं. माणसं वेळ गेला म्हणून चिडतात, वीज गेली म्हणून कोणी चिडत नाही. आता साधा हिशोब करा. २२ डब्यांची एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या डब्यांची, गाडी इंजिनासकट साधारण ११०० टन. ताशी १०० च्या वेगात तिच्यात जी ऊर्जा साठलेली असते ती जवळजवळ १२० युनिट भरते. एक थांबा म्हणजे ती सगळी सोडायची आणि परत भरायची. लहान कुटुंबाला महिना महिना पुरेल एवढी वीज एका थांब्यात. इलेक्ट्रिक ब्रेकने थांबली तर त्यातली बरीच परत येऊ शकते. पण लूपमध्ये शिरताना सिग्नल अचानक पिवळा मिळाला आणि ड्रायव्हरने हवेचा ब्रेक जोरात लावला तर ती सगळी चाकावर घासून उष्णतेत जाते, ब्रेकपॅड झिजतात ते वेगळंच.

म्हणजे ड्रायव्हरला पुढे क्रॉसिंग आहे हे दहा मिनिटं आधी कळलं तर तो पॉवर बंद करून गाडी नुसती वेगावर सोडेल, इलेक्ट्रिक ब्रेकने हळूहळू कमी करेल, आणि कधी कधी तर समोरची गाडी तोवर आत आलेली असेल आणि थांबावंच लागणार नाही. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला दोन्ही गाड्या कुठे आहेत ते माहीत असतं. ती माहिती इंजिनात वेळेत पोचवणं एवढाच प्रश्न आहे. इंजिनाच्या स्क्रीनवर किती युनिट घेतले आणि किती परत दिले हे दिसतंच, त्या आकड्यांवरून चांगलं चालवणाऱ्या लोको पायलटला बक्षीस द्या. दंड नको. त्यांच्या ड्युटीचे तास आणि विश्रांतीचे प्रश्न आधीच कमी नाहीत, त्यात युनिट जास्त गेले म्हणून मेमो हातात पडायला लागला तर त्याचा त्रास सेफ्टीला होईल, हे मी ठामपणे सांगतो.

आणि हो, कोकण रेल्वेच्या सपाट पट्ट्यात जिथे जागा आहे तिथे लूप लांबवणं, तुकड्या तुकड्याने दुसरा रूळ टाकणं याला माझा विरोध नाही. त्याने थांबे कमी होतील आणि वीजही वाचेल. कोकण रेल्वे बांधताना चढ १५० ला १ पेक्षा कडक ठेवायचा नाही असं ठरवून बांधली, त्यासाठी ९१ बोगदे खणले, पानवलला ६४ मीटर उंच पूल बांधला. हा सगळा खर्च तेव्हा लोकांना अवाजवी वाटायचा. आज तो रोज वीज वाचवतोय.

घाटाचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे आणि तिथेच आमच्या गोव्याचा खरा वाद आहे.

कुळे ते कॅसलरॉक. हा कोकण रेल्वेचा नाही, दक्षिण पश्चिम रेल्वेचा मार्ग. पोर्तुगीज काळात, १८८० च्या दशकात बांधलेला मार्ग, चढ ३७ ला १. कोकण रेल्वेच्या चौपट कडक. पाचशे मीटरच्या वर उंची साधारण २६ किलोमीटरमध्ये चढायची, मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावून. दूधसागरला गाडी हळू होते तेव्हा लोक धबधब्याचे फोटो काढतात, मी मागच्या इंजिनांचा आवाज ऐकत बसतो, किती जोर लागतोय ते त्या आवाजात कळतं. हजार टन वजन पाचशे मीटर वर न्यायला, घर्षण वगैरे काही न धरता नुसतं पृथ्वीच्या ओढीविरुद्ध, १३६० युनिट लागतात. हे कुठल्याही इंजिनियरला कमी करता येणार नाही, कारण तो निसर्गाचा नियम आहे. दुसरा रूळ टाकला म्हणून हा आकडा एका युनिटनेही कमी होत नाही, चढ तोच राहतो. डबल ट्रॅकिंगने घाटातून जास्त गाड्या जातील, प्रत्येक गाडीला लागणारी चढाची वीज तेवढीच राहील.

मग बघायचं की चढतंय काय आणि उतरतंय काय. एके काळी या मार्गाने कर्नाटकातलं लोहखनिज भरून खाली मुरगावला यायचं. आज मुख्य भार कोणता तर मुरगाव बंदरात जहाजाने आलेला कोळसा, जो भरून वर कर्नाटकातल्या स्टील प्लांटकडे जातो आणि रिकाम्या वॅगन खाली येतात. भरलेलं वर, रिकामं खाली. ऊर्जेच्या हिशोबाने याच्याइतकी वाईट दिशा दुसरी नाही. स्वीडनमधल्या किरुनाहून नॉर्वेच्या नार्विक बंदराकडे जाणारी लोहखनिजाची रेल्वे बरोब्बर उलटी आहे, भरलेली गाडी उतरते आणि उतरताना ब्रेकमधून एवढी वीज परत देते की रिकामी गाडी परत सरहद्दीपर्यंत चढवायला ती पुरते. आमच्या घाटात निसर्गाने तशीच रचना दिलीय, भार मात्र आम्ही उलटा वाहतोय. आणि ज्या विजेवर तो कोळसा वर ओढायचा तीही कोळसा जाळूनच केलेली. म्हणजे छत्तीसगडात कोळसा जाळायचा, त्याची वीज इथवर आणायची आणि तिने परदेशातून आलेला कोळसा सह्याद्री चढवायचा. यात 'ग्रीन' हा शब्द कोणी वापरू नये एवढीच माझी विनंती आहे.

'गोंयांत कोळसो नाका' म्हणत लोक रस्त्यावर आले, २०२० च्या नोव्हेंबरात चांदोरला रात्रभर रुळावर बसले, तेव्हा मुद्दे होते कोळशाची धूळ, रुळाला लागून असलेली जुनी घरं आणि मोल्याचं जंगल. सगळे खरे मुद्दे. ९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने कॅसलरॉक ते कुळे डबल ट्रॅकिंगला वन्यजीव मंडळाने दिलेली परवानगी रद्द केली. मला वाटतं की या आंदोलनाच्या हातात ऊर्जेचा हा हिशोबही असायला हवा होता, आणि अजून वेळ गेलेली नाही. कारण सरकारी बाजू कायम म्हणते की रेल्वे म्हणजे पर्यावरणपूरक, रस्त्यापेक्षा बरी. रस्त्यापेक्षा बरी आहेच, कुठलाही माल ट्रकपेक्षा रेल्वेने नेला तर टनामागे ऊर्जा कमीच लागते. प्रश्न मालाचा आहे आणि घाटाचा आहे. एक टन कोळसा घाट चढवायला किती युनिट, हा आकडा रेल्वेने लेखी द्यावा, मग पर्यावरणपूरक म्हणावं.

आता जी प्रवासी गाडी घाट उतरते तिचं काय? तिच्यातून मिळवण्यासारखं खूप आहे. हजार टनाची गाडी उतरताना वरच्या १३६० मधले निम्मे जरी परत आले तरी सातशेच्या आसपास युनिट होतात. आणि घाटात एक सोय आहे जी सपाटीला नाही, उतरणाऱ्या गाडीचा वेळ आणि चढणाऱ्या गाडीचा वेळ आपण जुळवू शकतो. एक गाडी कॅसलरॉकहून करंझोळच्या दिशेने उतरत असताना दुसरी कुळ्याहून वर चढत असेल तर उतरणारीची वीज चढणारीला थेट मिळते, बॅटरी नको, नवं सबस्टेशन नको, ग्रीडकडून क्रेडिट मिळेल का याची चिंता नको. वेळापत्रक करणाऱ्या माणसाच्या टेबलावर हे काम होऊ शकतं. ज्या घाटात विजेच्या तारा आल्यात किंवा येतायत, फक्त आमच्या नाही, कसाऱ्यात, खंडाळ्यात, सगळीकडे हे पहिलं करायला हवं. बॅटरी स्टोरेजवर कोट्यवधी खर्च करायचा विचार त्यानंतर.

बिलाबद्दल थोडं, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. मोठ्या ग्राहकाचं बिल नुसत्या युनिटवर नसतं, डिमांडवर पण असतं, म्हणजे महिन्यात एकदा जरी तुम्ही एकदम जास्त वीज ओढलीत तरी त्याचा बोजा अख्ख्या महिन्याच्या बिलावर पडतो. दोन गाड्या एकाच हद्दीत एकाच वेळी स्टेशनातून सुटल्या की डिमांड उसळते. सुटण्याच्या वेळांत पुरेसा फरक ठेवला तर तेवढी उसळत नाही. दुसरं पॉवर फॅक्टर. जुनी इंजिनं पॉवर फॅक्टर खराब करायची म्हणून तो सुधारायला सबस्टेशनात कपॅसिटर बँक लावायचे. नवीन इंजिनांचा पॉवर फॅक्टर जवळजवळ एक असतो, तिथे तेच कपॅसिटर कायम चालू राहिले तर उलटा परिणाम होतो, फॅक्टर लीडिंगला जातो आणि त्याचाही भुर्दंड बसू शकतो. आमच्याकडे एका कारखान्यात अगदी हेच झालं होतं, मशीन बदलल्या आणि कपॅसिटर तसेच राहिले, बिल वाढलं तेव्हा कुठे शोधाशोध झाली. रेल्वेच्या बाबतीत असं कुठे कुठे होतंय हे सबस्टेशनवार आकडे बाहेर आल्याशिवाय कळणार नाही. आणि परत दिलेल्या युनिटचं क्रेडिट मिळायलाच हवं, हे गोव्यापुरतं संयुक्त वीज नियामक आयोगापुढे, म्हणजे जेईआरसीपुढे मांडायचं काम आहे. आयोगाची जाहीर सुनावणी होते, तिथे कोणीही नागरिक जाऊन बोलू शकतो. घरगुती दर वाढले की आपण जातो, या विषयावर पण जाऊ.

स्टेशनच्या छतावरचे सोलर पॅनेल हा प्रसिद्धीचा आवडता विषय. पॅनेल बसवा, जरूर बसवा, प्लॅटफॉर्मचे दिवे आणि पंखे त्यावर चालतील. पण गाडी ओढण्याशी त्याचा काही संबंध नाही. मध्य प्रदेशात बीना इथे २०२० मध्ये रेल्वेने थेट ओव्हरहेड वायरला वीज देणारा सोलर प्लांट उभारला, चांगला प्रयोग, तो १.७ मेगावॅटचा. वर सांगितलंय की एक इंजिन पूर्ण जोरात साडेचार मेगावॅटच्या पुढे खातं. म्हणजे कितीतरी एकर पॅनेल लावूनही भर दुपारी अर्धं इंजिनही नाही. रेल्वेला सौर वीज घ्यायची तर मोठ्या प्रकल्पांकडून ग्रीडमार्फतच घ्यावी लागेल. २०१५ पासून रेल्वेने दाभोळच्या गॅस प्रकल्पाची ५०० मेगावॅट वीज अशी थेट घेऊन दाखवली, तेव्हा रस्ता माहीत नाही असं म्हणता येत नाही.

त्यापेक्षा मोठी आणि न गाजलेली बचत म्हणजे जनरेटर डबे बंद होणं. एलएचबी गाडीच्या दोन टोकांना डिझेल जनरेटरचे डबे असायचे, एसी आणि दिव्यांसाठी तासन् तास धडधडत. आता इंजिनच ओव्हरहेडमधून डब्यांना वीज देतं. मडगावच्या प्लॅटफॉर्मवर त्या डब्याच्या शेजारी उभं राहून बोलताच यायचं नाही, कानठळ्या बसायच्या. आता तिथे माणसं निवांत चहा पितात. अशी कामं गाजावाजा न होता झाली आणि त्यांचं श्रेय ज्यांनी केली त्यांना मिळायला हवं.

गोव्यातल्या गोव्यात मात्र वाया जाणारं सगळ्यात मोठं काही असेल तर ती आपल्या रुळांची रिकामी जागा. पेडणे, थिवी, करमळी, वेर्णे, मडगाव, बाळ्ळी, काणकोण, ही सगळी स्टेशनं एका विजेच्या वायरखाली आहेत. रोज सकाळी हजारो माणसं दुचाकीवरून आणि गाड्यांतून पणजीला, वेर्ण्याला, मडगावला जातात, त्यात माझे सहकारी आहेत, आणि हायवेवर दर महिन्याला कोणी ना कोणी ओळखीचं पडतं. सकाळ-संध्याकाळ एक थ्री-फेज मेमू, म्हणजे विजेवरची लोकलसारखी गाडी, पेडणे-काणकोण धावली, कामाच्या वेळा धरून, तर माणसामागे ऊर्जेची जी बचत होईल तिच्यापुढे वर लिहिलेलं सगळं किरकोळ ठरेल. थांबे जवळ जवळ, म्हणजे ब्रेकमधून परत मिळणारी वीजही जास्त. मार्ग एकेरी आहे, जागा नाही, असं उत्तर येतं. तेव्हा मी म्हणतो की लूप लांबवायचे आणि दुसरा रूळ टाकायचा तर आधी इथे टाका जिथे माणसं बसणार आहेत.

काही जण म्हणतात, तुम्ही युनिट मोजायला सांगता आणि त्यातून रेल्वे म्हणेल, बघा आम्ही कार्यक्षम झालो, आता अजून कोळसा न्यायला द्या. ही भीती मला पटते, कारण बचत झाली की वापर वाढतो हे कारखान्यातही बघतो. पण आकडे झाकून राहिल्याने ती भीती कमी होत नाही. आज उलट होतंय, ज्यांच्याकडे आकडे आहेत तेच दोन्ही बाजूंनी बोलतात. आणि आकडे आहेत, यात शंका नको. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे, त्याखालच्या पॅट योजनेत, म्हणजे मोठ्या ग्राहकांना ऊर्जा बचतीचं लक्ष्य देणाऱ्या योजनेत, रेल्वेचाही समावेश झालाय, हजार ग्रॉस टन किलोमीटरमागे, म्हणजे गाडीच्या वजनासकट हजार टन एक किलोमीटर न्यायला, किती युनिट हे रेल्वेला मोजावंच लागतं. मोजलेलं लोकांपुढे ठेवा एवढीच मागणी आहे.

घाई यासाठी की कोकण रेल्वे आता भारतीय रेल्वेत विलीन व्हायची आहे, महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये संमती दिली. आज ती वेगळी कंपनी आहे, तिचा ताळेबंद वेगळा छापला जातो आणि स्थापनेपासून गोवा सरकारचा तिच्यात ६ टक्के वाटा ठरलेला. भागधारक म्हणून माहिती मागायचा हक्क आहे. उद्या ती एखाद्या झोनचा तुकडा झाली की गोव्याचे १०५ किलोमीटर हजारो किलोमीटरच्या बेरजेत जातील आणि मग वेगळे काढून द्या म्हटलं तर कोणी देणार नाही.

म्हणून आमदारांनी पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न लेखी टाकावा. गोव्याच्या हद्दीतल्या प्रत्येक ट्रॅक्शन सबस्टेशनचे घेतलेले युनिट, परत दिलेले युनिट, मॅक्सिमम डिमांड आणि पॉवर फॅक्टर, महिनावार. दक्षिण पश्चिम रेल्वेकडून घाटाचे वेगळे, भरलेल्या मालगाडीचे आणि प्रवासी गाडीचे वेगवेगळे. आणि पावसाळ्याचे महिने वेगळे दाखवायला सांगा, कारण पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, हवेचा रोध कमी होतो पण कुठेही वेग कमी करायला लागतो, परत उचलायला लागतो, आणि वर्षाची सरासरी काढली की नेमकं ह्याच्यातलं काय किती हे त्यात दिसत नाही.